हवेवर उभी बस

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत वर जाणारी, लिफ्टचं दार मिटताना देवाचं नाव घेणारी बाई. आणि लग्न झालं ते अशा माणसाशी, ज्याला भीती कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. मी बेंगळुरातलीच, आमच्या पिढ्या इथे गेल्या. हे साताऱ्याकडचे, सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि इथलेच झाले. जन्मभर इंजिनांच्या चाचण्या घेतल्या आणि त्या आवाजात कान घालवून बसले. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, नातवंडांच्या मागे धावतात. ह्यांनी माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, फितवलं आणि दोघांनी मिळून मोडीतून एक जुनी परदेशी बस उचलली.

राजाजीनगरात अण्णाच्या गोडाउनशेजारी थोडी मोकळी जागा आहे, तिथे ती आणून उभी केली. गोल कपाळाची, हिरवट, खिडक्यांना अजून मूळच्या काचा असलेली. दिसायला देखणी होती, ते नाकारत नाही. पण तिची पुढची चाकं चार गाड्यांसारखी लोखंडी पाट्यांवर होती आणि मागची चक्क हवेवर. मागे पाटेच नाहीत. चाकांचा दांडा आणि वरची चेसिस यांच्यामध्ये जाड रबराचे फुगे, त्यांना मेकॅनिक लोक बलून म्हणतात, आणि त्यात दाबून भरलेली हवा. एवढं मोठं धूड त्या हवेवर उभं.

हे कळलं त्या दिवशी मी विचारलं होतं, हवा गेली तर? ह्यांनी मोठ्या आनंदाने समजावलं. बस हळूहळू खाली येते आणि आतल्या रबरी गट्टूंवर बसते. खाली वीतभर जागा उरते, पण चेसिसला काहीही होत नाही म्हणे. मी ह्यांच्या छातीकडे बघितलं. ती वीतभरापेक्षा चांगलीच जाड आहे. चेसिसची काळजी मला कधीच नव्हती.

एक गोष्ट मात्र ह्यांनी पहिल्यापासून पाळली. घोड्या लावल्याशिवाय बसखाली जायचं नाही. घोडी म्हणजे जॅकने उचललेल्या गाडीखाली सरकवायची लोखंडी तिवई. तिच्या डोक्याला आटे असतात, फिरवलं की डोकं वर येतं आणि चेसिसला जाऊन टेकतं. त्या दोन घोड्यांवर माझा जेवढा विश्वास होता तेवढा डॉक्टरांवरसुद्धा नव्हता.

पुढच्या पाट्यांचं दुखणं लवकर सापडलं. पाट्याच्या लोखंडी पट्ट्यांपैकी एक पान तुटलं होतं, वळणावर बस कुंथायची. शिवाजीनगरच्या एका दुकानातून तसं पान मिळालं आणि पुढचा भाग गप्प झाला. मागचं डावं अंग मात्र काही केल्या सुधारेना. आज हवा भरून बस सरळ उभी करावी, तर उद्या सकाळी ती डावीकडे कलंडलेली. ह्यांनी टाकीतलं पाणी काढलं, नळ्या बदलल्या, उंची सांभाळणारा व्हॉल्व्ह उघडून धुतला. हवा कुठून जाते ते कळेना.

हवा गळते तिथे सुईसारखा बारीक आवाज येतो, आणि तो ह्यांना ऐकू येत नाही. कानातलं यंत्र बसखाली तेलात पडेल म्हणून काढून ठेवायचे. म्हणून त्यांचे कान म्हणून मी बसायचे. मी स्टुलावर मागच्या चाकापाशी, हातात रिठ्याच्या पाण्याचं भांडं. मी बोटाने दाखवायची जागा, हे तिथे पाणी सोडायचे, आणि फेस फुगतो का ते बघायचे. बाहेर यायला सांगायचं असेल तर मी बसच्या पत्र्यावर थापा मारायच्या. तो दणका त्यांना अंगाला जाणवायचा. असे आमचे कितीतरी रविवार गेले. रिठ्याने माझी बोटं सुरकुतली, आणि गळती काही सापडली नाही.

मग खंडेनवमी आली. इथे तिला आयुधपूजा म्हणतात आणि सगळं शहर गाड्या धुवायला निघतं. आमचे हे एरवी देवाच्या वाटेला जात नाहीत, पण कारखान्यात वर्षानुवर्षं यंत्रांची पूजा केलेली, ती सवय हाडात मुरलेली. सकाळीच गोडाउनच्या दाराशी पाट मांडला. त्यावर पाने, हातोड्या, जॅक, आणि दोन्ही घोड्या. घोड्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्यार हलवायचं नाही, ही रीत माझ्या माहेरीही आहे आणि सासरीही. बसला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. दुसऱ्या दिवशी लिंबं चिरडत बस बाहेर काढायची आणि घरच्यांना देवळापर्यंत फिरवून आणायचं, असं ठरलं होतं. लेक बेळ्ळंदूरहून मुलांना घेऊन येणार होती.

पूजा आटोपून अण्णा, पान मिळालं होतं त्या शिवाजीनगरच्या दुकानात, पूजेचे चुरमुरे वाटायला गेला. आम्ही दोघंच राहिलो. हे लांब उभे राहून बसकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. हारासकट बस डावीकडे झुकायला लागली होती.

"पूजा झालेली गाडी अशी लंगडी उभी राहणार नाही," ते म्हणाले, आणि कानातल्या यंत्राकडे हात नेला.

मी म्हटलं, आधी घोड्या लावा.

"पूजेला मांडल्यात त्या. आणि मी काम कुठे करतोय? नुसतं बघतोय."

 पण घोड्या उचला असं पुन्हा म्हणायला जीभ रेटेना. मी बसला घाबरते, तशी देवालाही घाबरते. दोन्हीकडून भीतीने धरलेली बाई काय बोलणार? चाकांखाली लिंबं होती आणि चेसिसखाली काहीही नव्हतं. यंत्र काढून माझ्याकडे देत हे पाठीवर झोपले आणि मागच्या चाकापलीकडून आत सरकले, गुडघ्यापासूनचे पाय तेवढे बाहेर राहिले.

मी स्टुलावर बसले. टायरचा माथा आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये माझी चार बोटं मावत होती. मी बोटं तिथेच ठेवली, दुसरं काही सुचेना. गल्लीत कुठेतरी डोल्लू, म्हणजे इथले मोठे ढोल, वाजत होते, मधूनच फटाक्यांची माळ लागायची. त्या गोंगाटात मी कान लावून बसले, आणि तो आवाज आला. बारीक, रोजचा. थोड्या वेळाने तो बारीक राहिला नाही. कुकरची शिटी पडायच्या आधी जसा फुसकारा वाढत जातो, तसा वाढायला लागला.

नंतर कळलं ते असं. चीर बलूनच्या खालच्या घडीत होती. हवा पूर्ण भरलेली असली की ती मिटून जायची, म्हणून इतके दिवस फेस आला नाही. बस जरा खाली आली की घडी वाकायची आणि चीर तोंड उघडायची. जितकी बस खाली, तितकी चीर मोठी, आणि तितकी बस आणखी लवकर खाली. त्या वेळी मला हे काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की माझ्या चार बोटांपैकी एक दाबलं जातंय.

मी हात ओढला आणि पत्र्यावर थापा मारल्या. दोन्ही हातांनी मारल्या. बाहेर डोल्लू घुमत होते. ह्यांना वाटलं असणार की तोच हादरा आहे, कारण पाय जागचे हलले नाहीत. मी पाय धरून ओढले. त्यांनी चिडून एक झटकला. मग एकदम दोन्ही पाय ताठ झाले आणि टाचा जमिनीवर घासायला लागल्या. कुशीवर वळून वर बघायला गेले होते आणि आडव्या तुळईने खांदा धरला होता. आतून माझं नाव ऐकू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या आवाजात माझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

 हातपाय गळाले म्हणतात, तसं माझं झालं नाही. मी पाटाकडे धावले. समई लवंडली, पानं-सुपाऱ्या विखुरल्या. घोडी हाताला हळदीने निसटत होती. देवाला मी त्या क्षणी काय म्हटलं ते आठवतं. माफ कर असं म्हटलं नाही. आता मध्ये येऊ नकोस, असं म्हटलं. घोडी ओढत आणली, आडवी पडून चेसिसखाली ढकलली आणि तिचं डोकं फिरवायला लागले. झेंडूची माळ आट्यांत अडकली, ती दातांनी तोडली. डोकं लोखंडाला टेकलं. बस करकरली आणि त्या घोडीवर येऊन थांबली.

फुसकारा चालूच होता, पण बस खाली येत नव्हती. मी ह्यांचा घोटा घट्ट धरून ओरडत सुटले, "यारादरू बन्नी, कोणीतरी या." गल्लीतला एक रिक्षावाला रिक्षाला हार घालत होता, तो हातातला हार टाकून आला. त्याला काही सांगावं लागलं नाही. पाटावरचा जॅक त्याने आणला, लावला आणि दांडा मारायला लागला. "अक्का, स्वल्प बाजूला सरी," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी सरकले नाही. घोटा माझ्या हातात गरम होता, आणि तो गरम आहे एवढीच एक गोष्ट मला हवी होती.

बस बोटभर वर गेली आणि हे घसरत बाहेर आले. शर्ट फाटलेला, ओठ पांढरे. दोन बरगड्यांना चीर गेली होती, ते नंतर दवाखान्यात कळलं. तेव्हा मात्र ते नुसते जमिनीवर बसून राहिले आणि बसखालच्या घोडीकडे बघत राहिले. लोखंडावर हळदकुंकू तसंच होतं, माळेचा तुकडा लोंबत होता. मी खूप बोलले. जन्मात बोलले नव्हते असं बोलले. यंत्र माझ्या कमरेला खोचलेलं होतं, त्यामुळे त्यांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. दसऱ्याला लिंबं तशीच राहिली, बस हलली नाही, आणि मुलांना चुरमुऱ्यांवर समाधान मानावं लागलं.

बस विकून टाका असं मी म्हटलं, तर अण्णाच रडवेला झाला. मग मीही हट्ट सोडला. नवे बलून घातलेत, दोन्ही बाजूंना, आणि बस आता सकाळीही सरळ उभी असते. तरी तिच्याशेजारून जाताना मी टायरवर बोटं ठेवून बघतेच.

गेल्या खंडेनवमीला घोड्या पाटावर आल्या नाहीत. हे म्हणाले, त्यांची पूजा आहेत तिथेच करायची, बसखाली, भार घेऊन उभ्या असताना. वाकणं त्यांना अजून जमत नाही, म्हणून कुंकवाचं बोट मला लावावं लागलं. मी गुडघ्यांवर बसून हात आत घातला, मग खांदाही आत गेला. तेवढ्यात माझं दुसरं मनगट कोणीतरी इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी मान वळवून बघितलं. तो ह्यांचा हात होता.

मी म्हटलं, "अहो, घोड्या लावल्यात ना."

"असू देत," ते म्हणाले. "तू लवकर बाहेर ये."