यतीन टिपणीसचे सतरा सीझन

बर्मिंगहॅमच्या आमच्या मंडळाकडे शिडी नव्हती. तोरण बांधायचं असो की पडदा लावायचा, यतीन टिपणीसला फोन करायचा. उंची सहा फूट पाच इंच. १९८८ला नागपूरहून इथल्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आला आणि बास्केटबॉल क्लबवाल्यांनी त्याला कॅन्टीनच्या रांगेतूनच पळवलं.

लांबून नजाकतीने बास्केट टाकणाऱ्यांतला तो नव्हे. हा बास्केटखाली गोदरेजच्या कपाटासारखा उभा राहायचा. कुणाचा नेम हुकून बॉल परत आला, की तो याचाच. त्याला रिबाउंड म्हणतात. असे चार हजार रिबाउंड त्याने घेतले, हे तो कधी सांगत नसे. त्याची बायको मीनाक्षी सांगायची, तेही कुणी न विचारता.

२००५मध्ये गुडघ्यांनी राजीनामा दिला. दोन वर्षांनी शहरातल्या लीगने हॉल ऑफ फेम सुरू केला, म्हणजे स्पोर्ट्स सेंटरच्या भिंतीवर एक लाकडी फलक. अट एकच, किमान दहा सीझन खेळलेले हवेत. "मला काय त्याचं," असं यतीन चारचौघांत म्हणायचा. ब्लेझर मात्र ड्रायक्लीनला टाकून आला होता. बातमी मीनाक्षीचीच, म्हणजे पक्की.

यादीत त्याचं नावच नाही.

दोघं लीगचा नवा सेक्रेटरी कीथ याच्याकडे गेले. त्याने रजिस्टर उघडलं. "टिपणीस, आठ सीझन. छान. पण खरं सांगू? तुमच्या आधी बास्केटखाली उभा राहायचा तो सेंटर जास्त भारी होता. मुरलीधर. त्याचे नऊ. बिचारा एकाने हुकला."

मुरलीधर हे यतीनच्या वडिलांचं नाव.

झालं होतं असं, की पहिल्या फॉर्मवर यतीनने आपल्या सवयीने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं ओळीने लिहिलं आणि लीगने पहिली दोन उचलली. नऊ वर्षं 'वाय. मुरलीधर' खेळत राहिला. हा भिडस्त, गप्प. १९९७ला लग्न झालं, मीनाक्षी पहिल्यांदा मॅचला आली, स्कोअरशीट वाचलं आणि हाफटाइमलाच नाव बदलून घेतलं.

"तू वेळेवर तोंड उघडलं असतंस तर," मीनाक्षी म्हणाली.

"तू उघडलं नसतंस तर एकाच नावावर सतरा झाले असते," यतीन म्हणाला.

दोघे एकच, याला कमिटीला पुरावा हवा होता. मीनाक्षीने सगळी स्कोअरशीटं घरी आणली आणि तिच्या एक लक्षात आलं. मुरलीधर आणि टिपणीस, दोघेही दरवर्षी वसंतात एकच शनिवार गैरहजर. तारीख मात्र दरवर्षी वेगळी. तिने पंचांग काढलं. पाडव्यानंतरचा पहिला शनिवार. आमच्या मंडळाचा कार्यक्रम.

मंडळाचे अल्बम माझ्या माळ्यावर होते. सतरा पाडवे, सतरा फोटो, कोपऱ्यात छापलेली तारीख, आणि प्रत्येकात तोरण बांधणारा तोच लांबलचक प्राणी. पहिल्या नऊ फोटोंत केस होते, एवढाच फरक. कीथने चष्मा लावून एकेक तारीख ताडून पाहिली आणि म्हणाला, "फलकावर नाव कुठलं घालू?"

"टिपणीस," मीनाक्षी म्हणाली.

घरी हे ऐकून ब्याऐंशी वर्षांच्या मुरलीधरपंतांनी पेपर खाली ठेवला. बायको गेल्यापासून ते मुलाकडेच राहत. मुलाची एकही मॅच त्यांनी पाहिलेली नव्हती. "नऊ सीझन माझ्या नावावर आहेत, सूनबाई. तुमचे आठ."

यतीनने कीथला पूर्ण नाव लिहून दिलं. ते फलकावर एका ओळीत मावेना, म्हणून दोन ओळी घेतल्या.

समारंभाला मुरलीधरपंत सूट घालून आले आणि फलकाखाली जी खुर्ची धरली ती सोडेनात. नाव कळल्यावर लोक त्यांचाही हात हातात घ्यायला लागले. सँडविचच्या टेबलाशी यतीन शांतपणे उभा होता, आणि एक गोरे गृहस्थ पंतांना विचारत होते, सतरा सीझन म्हणजे फार दमछाक झाली असेल नाही?

"पहिली नऊ वर्षं जड गेली," पंत म्हणाले. "पुढे मग पोराने सांभाळलं."