झऱ्यात न पडलेली दवा

सेवेचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं फिरतं. निजामाच्या अमदानीची अखेरची वर्षं होती. नांदेडच्या आमच्या शाळेत शिक्षण उर्दूतून, त्यामुळे सेवेला आम्ही खिदमत म्हणायचो. उमरीकडच्या खेड्यांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ शिरल्याची बातमी आली तेव्हा मास्तर आम्हा आठ पोरांना घेऊन आगगाडीनं निघाले. जायचं होतं आमच्याच वर्गातल्या एका पाटलाच्या पोराच्या गावी. काम एवढंच, पिण्याच्या पाण्यात पटकीची लाल दवा टाकायची.

अंगात शेरवान्या, खिशात दवेच्या पुड्या आणि डोक्यात हवा. पाटलाची विहीर झाली, गावविहीर झाली. गुलाबी झालेलं पाणी बघायला अख्खं गाव लोटलं होतं. आम्ही स्वतःवर भलतेच खूश होतो.

दुपारी पाटलाकडे जेवायला निघालो, तेव्हा रस्त्याच्या कडेला लांब उभ्या असलेल्या एका बाईनं मला हाक मारली. काखेला लेकरू होतं. महारवाड्यातली होती.

"मालक, आमच्या झऱ्यात बी टाका की ही दवा. तिकडं कुणी आलंच न्हाई."

महारवाड्याला विहीर नव्हती. ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झऱ्याचं पाणी ती माणसं प्यायची. माझ्या खिशात एक पुडी शिल्लक होती. पण तिकडे पाऊल टाकलं की आंघोळ केल्याशिवाय पाटलाच्या पंगतीला बसता येत नसे, आणि बदलायला कपडे नव्हते. पानं वाढून तयार होती. भूकही लागली होती, खोटं कशाला बोलू. जेवून येतो, असं मी तिला सांगितलं.

"हाव, मी बसते हितंच," ती म्हणाली.

पंगत लांबली. हात धुतोय तोवर मास्तरांनी घाई लावली, उमरीहून परतीची गाडी गाठायची होती. बैलगाडी वळली तेव्हा ती मला दिसली. तिथेच बसली होती, आम्हाला बघून उठली. मी मान फिरवली.

जाता जाता पुडी तिच्या पदरात टाकली असती तरी भागलं असतं. पाण्यात दवा टाकायला कसली विद्या लागते? पण ते मला सुचलंच नाही. खिदमत आपण करायची आणि त्यांनी बघत उभं राहायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

परतल्यावर मास्तरांनी सगळ्यांना निबंध लिहायला लावला, खिदमतीतून काय शिकलो. गावातल्या सगळ्या विहिरींत दवा टाकली, असं मी लिहिलं. ते खोटं नव्हतं, झरा म्हणजे काही विहीर नव्हे. माझा निबंध पहिला आला आणि मला लाजही वाटली नाही.

महिन्याभरानं पाटलाचा पोरगा गावाकडून आला तो थेट माझ्याकडे. खुशीत होता.

"गावाला काय बी झालं न्हाई बघ. झऱ्यावरची गेली तेवढी."

त्याच्या आईनं माझ्यासाठी लाडू दिले होते. ते मी घेतले. ती बाई आणि तिचं लेकरू त्यांत होती का, हे मी विचारलं नाही. हो म्हणाला असता तर लाडू घशाखाली उतरले नसते, आणि मला ते खायचे होते.