खैरनार मॅडम आणि रिकामे चौकोन

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी तुळया-सांगाडे बनवणाऱ्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झालो, तेव्हा नलिनी खैरनार मॅडम ड्रॉइंग विभागाच्या प्रमुख होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला संगणकापुढे न बसवता हातात टेप देऊन शेडमध्ये पाठवलं. "आधी लोखंड बघून या, मग रेषा काढा."

काही वर्षांनी घोटीजवळच्या एका भातगिरणीचं काम आलं. सल्लागारांनी ड्रॉइंग सीडीवर पाठवलं होतं. ते उघडताना पडद्यावर एक सूचना यायची. मी ती न वाचताच बंद करायचो. छताखाली काही ठिकाणी नुसते रिकामे चौकोन दिसत. त्यांकडे दुर्लक्ष करून मी तुळयांची मापं काढली आणि कागद शेडमध्ये दिले.

कटिंग सुरू व्हायच्या सकाळी मॅडमनी फाईल उघडली. "हे चौकोन कसले?"

"काही नाही मॅडम, उगाच आलेत."

"उगाच कोण काढेल? काम थांबवायला सांगा."

फोरमन धावत आले. "मॅडम, माल मशीनवर चढलाय. लय खोळंबा होईल."

"होऊ दे," म्हणत मॅडमनी सल्लागारांना फोन लावला. सल्लागारांनी काही भाग वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये काढले होते. आमच्या कॅडला, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला, ते ओळखता येत नव्हते. ते दिसायला एक छोटा जोड-प्रोग्राम लागत होता, तोही फुकट मिळणारा. मी सायबर कॅफेतून तो आणून बसवला. फाईल पुन्हा उघडली, तर चौकोनांच्या जागी भुसा ओढून नेणारे पत्र्याचे भलेमोठे डक्ट! त्यातला एक थेट माझ्या तुळईतून जात होता.

तेवढ्यात मालक आले. "कोणी तपासलं होतं हे?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "माझ्या विभागातून गेलंय. जबाबदारी माझी."

मालक गेल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "संगणकाला दिसत नसेल तर तो तसं सांगतो. वाचत जा." मग शेजारी खुर्ची ओढून त्यांनी माझ्याबरोबर तुळईची रचना बदलली. गिरणी वेळेत उभी राहिली.

त्या प्रोग्रामच्या सीड्या मॅडमनी आसपासच्या कारखान्यांनाही वाटल्या. त्यात आमचे स्पर्धकही होते. मी कुरकुरलो, तर म्हणाल्या, "त्यांचं लोखंड वाया गेलं तर आपल्याला कसला आनंद?" आज मी स्वतः विभाग सांभाळतो. कुणाची चूक समोर आली की मला मॅडमचा तो शांत आवाज ऐकू येतो, आणि माझा आवाज आपोआप खाली येतो.

मॅडम आता पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच पार पडलंय आणि पांडवलेणीच्या डोंगराच्या पायऱ्या पुन्हा चढायचा त्यांचा हट्ट आहे. तो लवकर पुरा होवो, आणि पुढची कितीतरी वर्षं त्या निरोगी पावलांनी आमच्यापुढे चालत राहोत. दम लागलाच तर तो आम्हाला लागेल, त्यांना नाही.