दुसऱ्या आवाजाची बाई

धाकटीला बावन्न वर्षं पूर्ण झाली, तरी तिला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. घरात ती धाकटी, गाण्याच्या कार्यक्रमात धाकटी, आणि इस्पितळाच्या कपडेखात्यात नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते नाव तिच्या आधी तिथं जाऊन बसलेलं. थोरली सहा वर्षांपूर्वी मुलाकडे परदेशी गेली, नातवंडं सांभाळायला म्हणून, आणि तिकडचीच झाली. थोरली जवळ नसताना ही धाकटी नेमकी कुणाची, असा प्रश्न कुणाला पडला नाही. तिला स्वतःला कधीमधी पडायचा, पण शिलाई मशीन सुरू केलं की विरून जायचा.

कपडेखातं तळघरात होतं. एका अंगाला धुलाईची मोठी यंत्रं, दुसऱ्या अंगाला इस्त्रीचं लांब टेबल, आणि कोपऱ्यात, गरम पाण्याच्या पाइपांखाली, धाकटीचं मशीन. चादर उजेडाकडे धरून भोक शोधायचं, ठिगळ लावायचं, रुग्णांच्या सदऱ्यांच्या पाठीमागच्या तुटलेल्या नाड्या बसवायच्या. हात चालू असले की तोंडही चालायचं. ती दिवसभर गुणगुणायची.

हे ऐकायला एकच माणूस होता, तो म्हणजे इस्त्रीवाला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, बोलायला मिळालं नाही तर आजारी पडणारा. एका दुपारी त्यानं कँटीनच्या भिंतीवरचा कागद चक्क काढून आणला आणि तिच्या मशीनवर ठेवला.

"वाचा."

"काय आहे?"

"वाचलं की कळेल. चष्मा कपाळावर आहे तुमच्या."

एका हौशी नाटकमंडळीला रॉक म्युझिकल करायचं होतं. घरातून पळून गेलेला मुलगा, आणि त्याला गावोगाव शोधत फिरणारी त्याची आई. आईच्या भूमिकेसाठी पंचेचाळीसच्या पुढची, गाणारी बाई हवी होती. ऑडिशनला दीड मिनिटाचं गाणं, आवडेल ते. पियानोवाला तिथं हजर असेल, गाण्याचं नोटेशन सोबत आणावं. खाली एक ओळ होती: दुसऱ्या अंकात आई रिकाम्या रंगमंचावर एकटी उभी राहून गाते.

ती शेवटची ओळ धाकटीनं तीनदा वाचली.

"छे. हात दाखवून अवलक्षण कुणी सांगितलंय?"

"अहो, इतकी वर्षं चादरींना ऐकवताय. एकदा माणसांना ऐकवा. चादरी काय टाळ्या वाजवणार?"

माणसांना तिनं ऐकवलं नव्हतं असं नाही. बावीस वर्षं दर शनिवारी दोघी बहिणी एका हॉटेलच्या हॉलमध्ये गात होत्या. मागे गिटार, ऑर्गन आणि ड्रम; पुढे या दोघी. दिवा मात्र एकच होता आणि तो थोरलीवर असायचा. यात थोरलीचा काही दोष नव्हता. दिवा कुठं लावायचा ते हॉटेलवाला ठरवायचा, आणि अर्ध्या उजेडात धाकटी खूशही होती. पण रिकाम्या रंगमंचावर एकटं उभं राहायचं, हे वाचल्यावर तिनं तो कागद घडी करून आपल्या पिशवीत ठेवला. एकदा, फक्त एकदा, तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की ते कुणाला सांगायचीही तिला लाज वाटली.

तिनं वहीत अकरा गाणी लिहिली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाल्याला समोर बसवलं.

"मी दोन ओळी गाते, नुसत्या आ-कारात. गाणं ओळखा. ज्याची चाल पटकन ओळखता येईल ते घेऊ."

पहिलं गाणं तिनं गायलं. इस्त्रीवाल्यानं डोळे मिटले, उघडले, मान हलवली. दुसरं. तिसरं. ही सगळी घरोघरी वाजलेली गाणी.

"ऐकल्यासारखं वाटतंय हो," तो म्हणाला, "पण शेजारच्या घरात रेडिओ लागलाय आणि मध्ये भिंत आहे, तसं."

पाचव्या गाण्याला तो भीतभीतच बोलला, "रागावू नका हं. पण ही सगळी वेगवेगळी गाणी आहेत ना?"

धाकटी हसली आणि हसता हसता थांबली. बावीस वर्षं तिनं दुसरा आवाज गायला होता. लोक घरी जाताना जी चाल गुणगुणत जातात, ती थोरली गायची. धाकटी तिच्या खालून, दोन-तीन सुरांचं अंतर राखून चालायची, कपड्याला आतून अस्तर लावतात तशी. अस्तर नसलं तर कपडा अंगावर नीट बसत नाही; पण नुसतं अस्तर घालून कुणी बाहेर पडत नाही. अकराच्या अकरा गाण्यांचं तिच्याकडे नुसतं अस्तर होतं.

त्या दिवशी तिनं डबा अर्धाच खाल्ला.

रविवारी तिनं थोरलीला फोन लावला.

"म्युझिकल? या वयात? आणि रॉक?" थोरली हसायला लागली. "अगं, गुडघे दुखतात ना तुझे?"

"गुडघ्यांनी गायचं नाहीये, ताई."

"बरं, मग माझ्याकडून काय हवंय?"

"ते शेवटचं गाणं, आपण कार्यक्रम संपवायचो ते. तुझा आवाज म्हणून दाखव ना. मला तो येत नाही."

"येत नाही म्हणजे? शेजारी उभी असायचीस की."

"म्हणूनच येत नाही."

पलीकडे कुणीतरी लहान मूल भोकाड पसरून रडायला लागलं. "बाई गं, उठला," थोरली म्हणाली. "रेकॉर्ड करून पाठवते. आणि हे बघ, निवड नाही झाली तर मनाला लावून घेऊ नकोस. एकटीच असतेस तिथं. जेवतेस ना वेळेवर?"

रेकॉर्डिंग चार दिवसांनी आलं. गाणं पूर्ण होतं. थोरलीचा आवाज थोडा खरखरीत झाला होता, पण वळणं तीच. धाकटीनं ते बसमध्ये कानाला लावून ऐकलं, खोलीत भांडी घासताना ऐकलं, आणि दर वेळी दुसऱ्या शब्दापासून तिचा गळा आपोआप खाली उतरून दुसरा आवाज गाऊ लागला. पालथ्या घड्यावर पाणी. फोनमधून ताई गातेय, हात साबणात आहेत, आणि खोलीत दोन आवाज. क्षणभर बरं वाटायचं, तेवढंच.

शेवटी तिनं आपल्या धंद्यातली युक्ती काढली. पक्की शिलाई मारण्याआधी कच्चा टाका घालतात. एक ओळ ऐकायची, फोन बंद करायचा, वीसपर्यंत मोजायचं, तोवर ताईचा आवाज कानातून ओसरायचा, आणि मग ती ओळ एकटीनं म्हणायची. जमली की पुढची. नऊ दिवसांत सगळं गाणं टाचून झालं. दहाव्या दिवशी तिनं इस्त्रीवाल्यापुढे पहिली ओळ आ-कारात गायली, तर त्यानं लगेच गाण्याचं नाव घेतलं आणि पुढची ओळ बेसूर म्हणूनही दाखवली. ग्रंथालयातून तिनं नोटेशनची झेरॉक्स आणली.

ऑडिशनच्या जागी अरुंद बोळात दहा-बारा जणं भिंतीला टेकून उभी होती. बहुतेक सगळी कोवळी. एक मुलगी सरकून जागा करून देत म्हणाली, "बसा ना काकू. कुणाबरोबर आलात?"

"कुणाबरोबर नाही," धाकटी म्हणाली. "माझीच ऑडिशन आहे."

"अरे वा," मुलगी म्हणाली आणि पुन्हा आपल्या फोनमध्ये गेली.

आत एका टेबलामागे दिग्दर्शिका होती, तिशीची, समोर थंड झालेला कॉफीचा कप. पियानोवर पिकल्या केसांचा एक माणूस. त्यानं कागद पाहिला, धाकटीकडे पाहिलं.

"घाबरू नका," तो हळूच म्हणाला. "मी आहे सोबत."

आणि त्यानं खरोखरच सोबत केली. सुरुवातीचा तुकडा झाल्यावर नुसता ठेका न धरता, तिला आधार व्हावा म्हणून, उजव्या हातानं तो अख्खी चाल वाजवू लागला. स्वच्छ, वरच्या पट्टीत, बरोबर थोरलीच्या जागी.

धाकटीनं तोंड उघडलं आणि दुसरा आवाज बाहेर आला. तिला कळत होतं. पहिल्या ओळीला कळलं, दुसऱ्या ओळीला वर चढायचा तिनं प्रयत्नही केला. पण वर कुणीतरी होतं, आणि कुणी वर असताना खाली राहायचं, एवढंच तिच्या गळ्याला ठाऊक होतं. दीड मिनिट ती खालून चालत राहिली, न चुकता.

दिग्दर्शिकेनं कपाळाला आठ्या घातल्या. "हे गाणं असं आहे?"

पियानोवाल्याचे हात अजून पट्ट्यांवर होते. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "पुन्हा घेऊ. आता मी चाल वाजवत नाही."

दुसऱ्यांदा तिनं पहिला आवाज गायला. तीन ओळी नीट गेल्या. चौथ्या ओळीला जिथं थोरली हात पसरून वर जायची, तिथं धाकटीचा आवाज फाटला. ती थांबली नाही, फाटक्या आवाजातच तिनं शेवट गाठला.

"थँक यू," दिग्दर्शिका म्हणाली. मग जरा विचार करून पुढे झाली. "खरं सांगू का? आईसाठी मला दुसरं कुणीतरी लागेल. पण तुम्ही आधी जे गायलात ना, ते फार कमी लोकांना येतं. जी कुणी आई करेल, तिला मागून तसा आवाज हवाय. तुम्ही बँडबरोबर पडद्यामागे बसाल. याल?"

याच कामाचं कौतुक तिनं बावीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. आणि आज ते ऐकून तिला रडू यायला लागलं.

"नको," ती म्हणाली. "ते मला येतंच."

बोळात पियानोवाला मागून आला. "बुधवारी साडेपाचला मी इथं सराव घेतो. या हवं तर. मी नुसता डावा हात वाजवीन."

घरी पोचते तोच थोरलीचा फोन.

"कसं झालं?"

"दुसरा गायले."

"दुसरा? मग वर कोण होतं?"

"पियानो."

थोरली मोठ्यानं हसली. "वेडी गं वेडी. मी असते तर असं झालं नसतं."

"तू असतीस तरी हेच झालं असतं, ताई."

पलीकडे हसणं थांबलं. "मी काही मुद्दाम नाही गं पुढे उभी राहिले," थोरली म्हणाली.

"माहितीये मला. मी तसं म्हणतच नाहीये." धाकटीनं पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या. "फक्त ते रेकॉर्डिंग मी पुसतेय. आणि काही दिवस नवीन पाठवू नकोस."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"बरं," थोरली म्हणाली. तिचा आवाज एकदम लांब गेल्यासारखा झाला. "जेवलीस का?"

"आता जेवते."

फोन ठेवल्यावर तिनं रेकॉर्डिंग शोधलं. पुसण्याआधी एकदा ऐकावं असं फार वाटलं, पण ऐकलं नाही. फोननं विचारलं, नक्की पुसायचं? तिनं होय म्हटलं. खोली नेहमीसारखीच गप्प होती. बुधवारी साडेपाचला पोचायचं तर कामावरून चारला सुटायला हवं होतं. त्या दिवशी उरलेलं काम सांभाळाल का, असं उद्या इस्त्रीवाल्याला विचारू, हे ठरवून ती अन्न गरम करायला उठली.