बोलक्या टॅबवरची बटणं

माझी चार वर्षांची लेक रेवा अजून एकही शब्द बोलत नाही. त्यात तिला बोलणारा टॅब दिला, तर ती स्वतः कधी बोलणारच नाही का? या काळजीनं माझी झोप उडाली होती. पण बोईसरच्या स्पीच थेरपीच्या वर्गाबाहेर आम्ही पालक ज्या बाकावर बसतो ना, तिथे काळजी फार वेळ टिकत नाही. दर शनिवारी डब्यांच्या आधी किस्से उघडतात!

टॅबमधलं ॲप साधं आहे. चित्राचं बटण दाबलं की टॅब मुलाच्या वतीनं बोलतो. चित्रं, आवाज, बटणांच्या जागा, सगळं आपल्याला बदलता येतं. मला वाटायचं, बदलायचं कशाला? बनवणाऱ्यांनी विचार करूनच दिलं असेल की!

*

चिंचणीचा सोहम. त्याच्या टॅबमध्ये जेवणात पिझ्झा, बर्गर, सफरचंद. पोरगं ढिम्म! शेवटी त्याच्या आजीनं सुक्या बोंबलाचा फोटो टाकायला लावला. आता थेरपी घेणाऱ्या ताईंनी वर्गात "आज वार कोणता?" विचारलं तरी टॅब म्हणतो, "बोंबील!"

*

मग आजीचं लक्ष आवाजाकडे गेलं. टॅबमधली बाई गोड आवाजात म्हणायची, "मला भूक लागली आहे."

आजी भडकली. "आमच्या घरान असं कोन बोलतं? पोर हाय का बातम्या देनारी बाई?"

तिनं सगळी वाक्यं स्वतःच्या आवाजात भरली. जन्मभर मासळी विकून कमावलेला आवाज! आता एवढासा सोहम बटण दाबतो आणि गरजतो, "ए, भूक लागली हाय, वाढा लवकर!" शेजारची सूनसुद्धा ताट घ्यायला उठते म्हणे!

*

सालवडच्या पिहूची गंमत वेगळीच. तिच्या "बाबा" बटणावर टाय लावलेला कुणी गोरागोमटा माणूस होता. पिहूनं त्याला कधी बोट लावलं नाही. तिच्या आईनं, पूनमनं, बाबांचा कारखान्याच्या गेटवरचा फोटो टाकला. निळा युनिफॉर्म, पिवळं हेल्मेट. पिहू खूश! दिवसभर "बाबा! बाबा!"

रविवारी बाबा बनियनवर चहा प्यायला बसले. पिहूनं त्यांना नीट न्याहाळलं आणि बटण दाबलं, "पाहुणे आले!"

"मग काय, बिचारे हेल्मेट घालूनच चहा प्यायले," पूनम म्हणाली.

*

आणि आमचा टॅब! मी शिकलेली ना, तर रंगांनुसार रांगा लावल्या. "कृपया", "धन्यवाद", "हात धुवूया". नवरा म्हणाला, "हा रेवाचा आहे की तुझ्या शाळेच्या बाईंचा?"

"नको"चं बटण मात्र मी मुद्दाम काढून टाकलं. आधीच काही खात नाही, त्यात नाही म्हणायला शिकली तर?

रेवानं त्या टॅबचा एकच उपयोग केला. त्यावर बसली.

ताई हसून म्हणाल्या, "अहो, स्क्रीन तिचा आहे. तुमच्या हॉलमधलं शोकेस नाही!"

*

गेल्या शनिवारी रेवानं सोहमचा टॅब ओढला आणि एक बटण दाबलं. आजीचा आवाज घुमला, "नाय पायजे!" रेवा खुदकन हसली. परत दाबलं. परत!

मी आजीकडे वळले. "आजी, हे रेवाच्या टॅबमध्येपण भराल?"

"भरते की! पन मंग मागून रडू नको हां!"

"कृपया" काढलं. तिथे, अगदी मधोमध, मोठं लाल बटण लावलं. घरी आल्यावर जी सुरुवात झाली!

"रेवा, खिचडी?"

"नाय पायजे!"

"दूध?"

"नाय पायजे!"

"बरं, आईला एक पापा?"

"नाय पायजे!"

माझं मूल मला उत्तरं देत होतं! आजीच्या आवाजात का होईना, देत होतं! नवरा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता आणि मी हसता हसता डोळे पुसत होते. एवढ्यात टॅबची बॅटरी संपत आली.

"चल, आता टॅब ठेवून देऊया," म्हणत मी तो उचलला.

रेवानं हात लांब केला. बटणापर्यंत पोचला नाही. तिनं टॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडून म्हणाली,

"नाय!"