भाताचं एन्झाइम आणि गेटपासवरची सही

रिकाम्या बॅचनेही डीएनए बनवला.

खालापूरजवळच्या आमच्या छोट्या कंपनीत संशोधकांसाठी एन्झाइम बनतात. त्यातलं एक भाताच्या रोपातलं. डीएनएची नक्कल करणं हे त्याचं काम. रोपातून ते फारसं मिळत नाही, म्हणून भाताचा जीन बॅक्टेरियात घालतात, बॅक्टेरिया वाढवतात, फोडतात आणि त्यातून एन्झाइम वेगळं काढतात. याला रिकॉम्बिनंट म्हणतात. गोची अशी की, बॅक्टेरियाकडे स्वतःचंही तसलंच एन्झाइम असतं. ते मागे राहिलंय का हे कळायला भाताचा जीन न घातलेले बॅक्टेरिया घ्यायचे आणि सगळं तसंच करायचं. ही रिकामी बॅच. हिच्यात काही घडता कामा नये.

इथे घडलं होतं. म्हणजे भाताच्या मालात बॅक्टेरियाच्या एन्झाइमची भेसळ होती.

मी क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, बघायचे. तडक मालकांकडे गेले. त्यांचं म्हणणं, एन्झाइम चालतंय ना, मग पाठवा. घेणारी पुण्याची पीएचडी करणारी मुलगी होती. भाताचं एन्झाइम नक्कल करताना किती चुका करतं, हे ती मोजणार होती. तिने बॅक्टेरियाच्या चुका मोजल्या असत्या आणि भाताच्या नावावर छापल्या असत्या. तिची सगळी मेहनत मातीत. मला भयंकर राग आला.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"मग उद्यापासून डिस्पॅच बघा. क्यूसीची सही मी करतो."

घरी, मोहोपाड्याला, नवरा म्हणाला, जरा नमतं घे. मी जेवले आणि झोपले.

सकाळी डिस्पॅचच्या टेबलावर त्याच भेसळीच्या एन्झाइमचा बॉक्स आला. मी तो उचलून परत फ्रीजरमध्ये ठेवला. थोड्या वेळाने वॉचमन पवारमामा आले. कुंभिवलीचे, कडक माणूस.

"म्याडम, टेंपो हुबा हाय. गेटपासवर तुमची सही नाय."

"नाहीच मिळणार, मामा."

"मंग मी बी गाडी सोडत नाय."

मागे एकदा माल चोरीला गेला होता. तेव्हा मालकांनीच मामांना बजावलं होतं, डिस्पॅचच्या सहीशिवाय काही सोडायचं नाही, मी सांगितलं तरी नाही. मामांनी आता ते त्यांनाच ऐकवलं. मालक तणतणत माझ्याकडे आले. नोकरीवरून काढीन म्हणाले.

"काढा. पण का काढलंत, ते मी त्या मुलीला फोन करून सांगणार."

मग त्यांनीच पुण्याला फोन लावला आणि माल अजून शुद्ध करायचाय, उशीर होईल, असं सांगितलं. थांबते, म्हणाली ती.

आम्ही शुद्धीकरणाची एक पायरी वाढवली. एन्झाइम निम्मंच हाती आलं, पण रिकामी बॅच गप्प राहिली. तो बॉक्स मी स्वतः सही करून पाठवला. मालकांनी मला क्यूसीत परत घेतलं. सॉरी वगैरे काही नाही, मीही मागितलं नाही.

एवढंच सांगेन, अडून बसणाऱ्या माणसाला शिक्षा म्हणून माल बाहेर जातो त्या दाराशी बसवू नये.