अमावस्येला वणीच्या स्टँडवर

आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात ती मला न सांगता बसने दिंडोरीला जाऊन आली. मी शाळेतल्या नोकरीवरून घरी आले तर ती ओट्यावर चपला काढून बसलेली, चेहरा उन्हाने लाल.

"कुठे गेली होतीस?"

"दिंडोरीला."

"तिथे कोण आहे आपलं?"

"कोणी नाही. बघून आले, पंचाहत्तरीनंतर एसटीत खरंच पैसे घेत नाहीत का ते." मग म्हणाली, "नाही घेत. कार्ड बघितलं, तिकीट दिलं. त्यावर शून्य लिहिलेलं होतं."

दिंडोरीच्या स्टँडवर ती चहासुद्धा प्यायली नव्हती. उतरली, समोर परतीची गाडी उभी होती, तिच्यात चढली आणि आली. मी हसले. तीही हसली, पण त्या रात्री जेवताना तिने विषय काढलाच. "आता बायला भेटता येईल."

बाय म्हणजे तिची थोरली बहीण, माझी मावशी. दोघी सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या. भात आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतात वाढलेल्या. आईचं लग्न नाशकात शिपायाची नोकरी करणाऱ्या माणसाशी झालं आणि ती पंचवटीतल्या दोन खोल्यांत आली. मावशी आणखी वरच्या एका पाड्यावर दिली गेली आणि तिथेच राहिली. त्यानंतर दोघी भेटल्या त्या लग्नात आणि मयताला. माझे वडील गेले तेव्हा मावशी आली होती, तिचा नवरा गेला तेव्हा आई गेली होती. साधं, काही कारण नसताना बहिणीकडे जावं, हे आईला परवडणारं कधीच वाटलं नाही. मी कमवायला लागल्यावरही तिने माझ्याकडे कधी त्यासाठी पैसे मागितले नाहीत. मलाही सुचलं नाही.

मावशीच्या पाड्याखालच्या गावात तेव्हा एक मुक्कामी गाडी येत असे. संध्याकाळी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथेच झोपायचे आणि सकाळी गाडी खाली निघायची. पण त्या गाडीने नाशकापर्यंत यायचं तर मावशीला त्याच दिवशी परतता येत नव्हतं, आणि घरी शेळ्या होत्या. आईने वर जायचं तर गावापासून पाड्याचा चढ तिच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. मग मावशीच्या नातवाच्या फोनवर दोघींनी ठरवलं की मधे भेटायचं. वणीच्या स्टँडवर. पौर्णिमेला सप्तशृंगीगडावर जाणाऱ्यांची गर्दी असते म्हणून अमावस्येला. तारीख विसरली तरी अमावस्या दोघींच्या ध्यानात राहत होती.

पहिल्या खेपेला मी आईबरोबर गेले. मावशी आमच्या आधी येऊन बाकावर बसली होती. पाय खाली टेकत नव्हते. आईला बघून ती उठली नाही, नुसती सरकली आणि बाकावर शेजारची जागा हाताने झाडली.

"लय वाळलीस," ती आईला म्हणाली.

"तू कुठे मोठी पैलवान झालीस?" आई म्हणाली.

एवढंच. मग दोघींनी आपापली फडकी सोडली. मावशीने नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी आणली होती. आईने वांग्याची भाजी आणि शिरा. एकमेकींचं जेवण एकमेकींनी खाल्लं. मला दोघींच्यातलं थोडं थोडं मिळालं.

मावशीचं तिकीट मात्र अर्धं होतं. ती आईहून मोठी, पण आधार कार्ड काढणाऱ्याने तिचं वय अंदाजाने टाकलं होतं आणि कार्डावर ती धाकटी झाली होती. आईला याचं फार हसू आलं. "आता तू मला ताई म्हण," ती म्हणाली. मावशी म्हणाली, "सरकारनं म्हनलं तर म्हनंन."

नंतर दर अमावस्येला आई जात राहिली. सुट्टी असली की मीही जायची. सुरुवातीला मला वाटलं होतं की इतक्या वर्षांचं बोलणं साठलेलं असेल, पण त्या फार बोलत नसत. मावशीला जवळचं दिसत नव्हतं, म्हणून आई तिच्या पायाची नखं कापायची. तिथेच स्टँडवर, पाय मांडीवर घेऊन. मावशी आईचे केस सोडून विंचरायची. गाड्या येत-जात राहायच्या, माईकवर गावांची नावं पुकारली जायची. लोक बघायचे. दोघींना त्याचं काही नव्हतं. दुपार कलली की मावशीची गाडी लागायची. कंडक्टर तिला ओळखायला लागला होता. पायरी उंच असल्यामुळे तो तिच्या काखेत हात घालून तिला वर घ्यायचा आणि ती दर वेळी त्याला म्हणायची, "हळू, मी काय पोतं हाय?"

आईच्या आयुष्यातला तो काळ मी नंतर पुष्कळदा आठवला. ती आदल्या दिवशी केस धुवायची. लुगडं कोणतं नेसायचं ते ठरवायची. आमच्या घरात एवढी तयारी मी कधी बघितली नव्हती.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात, आषाढ अमावस्येला, आई एकटी गेली आणि संध्याकाळी उतरलेल्या तोंडाने परत आली. मावशी आली नव्हती. गाडीही आली नव्हती. स्टँडवरच्या खिडकीत विचारलं तर म्हणाले, वरती रस्त्याचा काही प्रॉब्लेम आहे. मी मावशीच्या नातवाला फोन लावत राहिले. पाड्यावर रेंज नव्हती, तो टेकडीवर चढला की लागायचा. तिसऱ्या दिवशी लागला.

"मोरी वाहून गेली ना, आत्या," तो म्हणाला. "नाल्यावरची. गाडी आता अलीकडल्या फाट्यापर्यंत पण येत नाय."

"मग आजीला कळवलंस का, येऊ नको म्हणून?"

"ती ऐकती का? गडी मानसांनी नाला उतरवून दिला तिला. फाट्यावर जाऊन बसली दुपारपर्यंत. मग भिजत आली मागं."

मी हे आईला सांगायला नको होतं, पण सांगितलं.  ती म्हणाली, "म्हणजे ती तिकडे बसली होती आणि मी इकडे."

पुढच्या अमावस्येलाही आई गेली. मी म्हटलं, कशाला जातेस, गाडी नाही. ती म्हणाली, "सुरू झाली असली तर?" गाडी सुरू झाली नव्हती. ती वणीच्या स्टँडवर बसली, डबा न उघडता परत आणला. त्याच आठवड्यात मी तिला घेऊन गाडीबद्दल विचारायला एसटीच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब वाईट नव्हते. त्यांनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मोरी झाल्याशिवाय गाडी सोडता येत नाही, आजी. उद्या काही झालं तर?"

"मोरी कधी होईल?"

"ते आमच्याकडे नाही. बांधकामवाल्यांकडे. आणि खरं सांगू, त्या गाडीला पॅसेंजरही नसतात."

"आम्ही होतो ना," आई म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. फुकटच्या तिकिटावर गाडी चालत नाही, असं त्यांना म्हणायचं होतं ते मला कळलं आणि ते त्यांनी म्हटलं नाही याचं बरं वाटलं. बांधकामवाल्यांच्या दारी मी एकटीच गेले. त्यांनी पावसाळा संपू द्या म्हणून सांगितलं.

भाद्रपदात आई हट्टालाच पेटली. "तू रजा काढ नाहीतर काढू नको, मी जाते." मी रजा काढली. सुरगाण्याच्या गाडीने मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत आलो. तिथून पुढे जीप होती. जीपमध्ये वय विचारत नाहीत, जागा आहे का तेवढं विचारतात. आईला मागून दोघांनी ढकललं आणि पुढून मी ओढलं. आत माणसं, कोंबड्या, खताची गोणी. आईचे गुडघे एका बाईच्या मांडीत अडकले होते. खड्डा आला की ती डोळे मिटून घ्यायची. 

नाल्याशी जीप थांबली. पुढे रस्ता नव्हता. मोरीचे दोन पाइप खाली कलंडून पडले होते आणि त्यांच्यावरून गढूळ पाणी जोरात वाहत होतं. आदल्या दिवशी वर पाऊस झाला होता. जीपमधली माणसं चपला हातात घेऊन, एकमेकांना धरून, पाण्यातून पार गेली. आईने लुगडं वर खोचलं आणि एक पाऊल टाकलं. पाणी पोटरीला लागताच ती लटपटली. मी आणि जीपवाल्याने तिला मागे ओढलं.

"नाय जमायचं, आजी," जीपवाला म्हणाला. "वाहून जाल."

पार गेलेल्या एका माणसाला मी ओरडून मावशीला निरोप द्यायला सांगितलं. आम्ही काठावरच्या दगडावर बसलो. बऱ्याच वेळाने पलीकडच्या उतारावर मावशी दिसली. शेजारच्या बाईच्या खांद्याला धरून, काठी टेकत ती एकेक पाऊल उतरत होती. नाल्याशी आली आणि आमच्यासमोर, पलीकडे बसली.

मधलं अंतर फार नव्हतं. रस्ता असता तर चार गप्पा मारता येतील एवढंच. पण पाण्याचा आवाज इतका होता की धड काही ऐकू येत नव्हतं.

"जेवलीस का?" आई ओरडली.

"काय?"

"जेवलीस का?"

मावशीने हात हलवला. त्याचा अर्थ हो होता की नाही, ते आम्हाला कळलं नाही. तिने काहीतरी विचारलं. आईने कान पुढे केला. मी म्हटलं, "पाय कसे आहेत विचारतेय बहुतेक." आई ओरडली, "बरे आहेत!" मावशीने परत काहीतरी म्हटलं. शेजारची बाई आमच्याकडे बघून ओरडली, तिचं जरा ऐकू आलं. "त्या म्हंतात, कशाला आलीस!"

त्या बाईचा नवराही मागून उतरला होता, आईने त्याला डबा दाखवला. तो पाण्यातून येऊन घेऊन गेला. मावशीने डबा मांडीवर ठेवला, उघडला नाही. मग दोघी नुसत्या बसून राहिल्या. एकमेकींकडे बघत. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते, मी जीपकडे जाऊन उभी राहिले. जीपवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा आई उठली आणि मागे न बघता चालू लागली. मी बघितलं. मावशी बसलेलीच होती.

दसऱ्यानंतर पाऊस थांबला. नाला आटला असता, कदाचित पायी पार करता आला असता. पण दिवाळीच्या आधी आई बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट टाकली. डॉक्टर म्हणाले, वॉकरवर घरात फिरतील, एवढी अपेक्षा ठेवा. त्या वॉर्डातली एक ओळखीची बाई मला चांगल्या मनाने म्हणाली, "आता यांचं अपंगाचं सर्टिफिकेट काढून ठेवा. गाडीत सवलत मिळते, बरोबरच्या माणसालाही."

आईने ऐकलं. भिंतीकडे तोंड केलं.

मावशी पौषात गेली. भात काढून झाल्यावर तिचा नातू, सून सगळी द्राक्षाच्या बागांवर कामाला उतरली होती. घरी ती आणि शेळ्या. ताप आला होता म्हणे. शेजारच्यांनी खालच्या गावापर्यंत झोळीत आणलं, पुढे न्यायला जीप मिळेपर्यंत ती गेली. मला कळलं तेव्हा सगळं उरकून गेलं होतं.

दिवसकार्याला मी एकटी गेले. नाल्यात थेंब नव्हता. पाइप तसेच पडून होते. मी कोरड्या दगडांवरून सहज पलीकडे गेले. नातवाने मला घर दाखवलं. तो म्हणाला, "आजी म्हनायची, मोरी झाली की परत वणीला जाईन." 

परत आल्यावर आईने विचारलं, "किती माणसं आली होती?"

"बरीच."

"जेवायला काय होतं?"

मी सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाडी सुरू झाली?"

"नाही."

 तिला उठून बसायचं होतं, मी पाठीला हात दिला. वॉकर पुढे ओढून तिने खिडकीपर्यंत जायचा प्रयत्न केला, दोन पावलांवर थांबली आणि म्हणाली, "राहू दे, निजव मला."

आता आम्ही दोघी जास्तीत जास्त हॉस्पिटलपर्यंत जातो, तेही रिक्षाने. रिक्षावाला तिला उचलून आत बसवतो. ती त्याला काही म्हणत नाही. रस्त्यात दिंडोरी नाक्यावर गाड्या उभ्या असतात, कंडक्टर दारात लटकून वणी, कळवण, सुरगाणा ओरडत असतात. पहिल्यांदा मी रिक्षावाल्याला दुसऱ्या रस्त्याने न्यायला सांगितलं होतं. आता सांगत नाही. आई समोर बघत बसलेली असते.